गोठलेल्या तळ्यावरचे सामने
बर्फावरून जड ग्रॅनाइटचा दगड सरकवीत ठरल्या वर्तुळाच्या मध्याशीं नेऊन थांबवावयाचा, एवढेंच कर्लिंगचें मर्म. परंतु स्कॉटलंडांत या खेळाचे नियम गांवोगांवीं निराळे होते. मग दोन गांवांनीं एकमेकांशीं खेळावें कसें? १८३८ सालीं एडिंबरोस मध्यवर्ती मंडळ निघालें, आणि चार गड्यांचा संघ, प्रत्येकास दोन दगड, ही रीत हळूहळू सर्वत्र रुजली. १८४७ पासून उत्तरेकडील व दक्षिणेकडील क्लबांचा महासामना सुरू झाला. त्याची तारीख मात्र मंडळाच्या हातीं नव्हती. ती थंडीच ठरवी! पुढें बंदिस्त बर्फगृहें झालीं, तेव्हां क्लबांचे साखळी सामने वेळापत्रकानें होऊं लागले. उघड्यावरचा महासामना १९७९ नंतर झालेला नाहीं. २०१० मध्यें तळें गोठलें होतें, पण सुरक्षिततेच्या शंकेमुळें बेत सोडावा लागला.