सर्व्होच्या तीन तारा

यंत्रमानवाचा हात बनवू पाहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हमखास घडणारा एक प्रकार अनेक शिक्षकांनी पाहिला असेल. एक सर्व्हो मोटर अर्डुइनो बोर्डाला जोडली की नीट फिरते. आणखी दोन जोडल्या की हात थरथरतो, बोर्डावरचा दिवा विझून पुन्हा लागतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. मुले मग तासन्‌तास प्रोग्राममधली चूक शोधत बसतात. ती तिथे बहुधा नसतेच.

सर्व्होची मूळ कल्पना जहाजांवरची आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाचे सुकाणू माणसांच्या बळावर वळवणे फार कष्टाचे होते. जॉन मॅकफार्लेन ग्रे यांनी १८६६-६७च्या सुमारास त्यासाठी वाफेचे यंत्र बसवले. सुकाण्या चाक फिरवी, त्याने फक्त वाफेची झडप उघडे. सुकाणू वळवण्याचे काम वाफ करी आणि ते हव्या कोनात आले की झडप आपोआप मिटे. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को यांनीही अशी यंत्रे बनवली आणि १८७३च्या आपल्या पुस्तकात त्यांना ‘सर्व्हो-मोटर’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘सर्व्हस’ म्हणजे गुलाम. शब्द आज कानाला बरा वाटत नाही, पण कल्पना नेमकी आहे : हुकूम एकाचा, बळ दुसऱ्याचे.

छोटी सर्व्हो मोटर रूढ झाली ती रेडिओने उडवायच्या खेळण्यातल्या विमानांमुळे. १९६०च्या दशकात या छंदात स्पंदांनी कोन ठरवण्याची पद्धत स्थिरावली. दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद, त्याची लांबी १ ते २ मिलिसेकंद. लांबी बदलली की कोन बदलतो. विमानात वजनाला फार किंमत. म्हणून रेडिओग्राहक आणि सर्व्हो दोघेही एकाच घटमालेवर चालत. निकेल-कॅडमियमचे चार घट, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ४.८. पाच घेतले तर ६. आजच्या स्वस्त सर्व्होवरही ‘४.८ ते ६ व्होल्ट’ असते, ते याच हिशेबाने! या घटांचा अंतर्गत रोध अगदी कमी, त्यामुळे ते क्षणात मोठा प्रवाह देऊ शकत. धन, ऋण आणि हुकूम अशा तीन तारा एकाच प्लगमध्ये आल्या तरी काही बिघडत नसे.

२००५ साली इटलीत अर्डुइनो जन्माला आला. प्लग तोच राहिला, मागची घटमाला मात्र गेली. थांबलेली मोटर सुरू होताना विरोधी विद्युत्दाब नसतो, प्रवाहाला अडवतो तो फक्त रोध. समजा रोध ८ ओहम आहे. ४.८ व्होल्टला प्रवाह ०.६ अँपिअर, तीन मोटारींचा १.८. संगणकाच्या साध्या यूएसबी जोडणीतून मिळतो सुमारे ०.५ अँपिअर. साहजिकच दाब कोसळतो आणि बोर्डावरचा नियंत्रक पुन्हा सुरू होतो.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी हा उपाय नव्हे. ती ट्रान्झिस्टर रेडिओसारख्या थोडा प्रवाह घेणाऱ्या उपकरणांसाठीची, तिचा अंतर्गत रोध बराच असतो. शिवाय ९चे ५ व्होल्ट करताना बोर्डावरचा दाबनियामक ०.५ अँपिअरलाच २ वॉट उष्णता सोडतो.

त्यापेक्षा पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइडचे चार पेन्सिल सेल घ्यावेत. सर्व्होच्या धन आणि ऋण तारा थेट त्यांना जोडाव्यात, बोर्डाला फक्त हुकुमाची तार. आणि घटमालेचे ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला जोडावे. स्पंदाचा दाब ग्राउंडच्या तुलनेतच मोजला जातो. ही तार राहिली तर सर्व्हो पुन्हा थरथरेल, यावेळी पोटभर प्रवाह मिळूनही.