आठ पेल्यांचे गणित

‘रोज किमान आठ पेले पाणी प्यावे’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की ते कोणी आणि कशावरून सांगितले हे विचारायचे सुचत नाही. २०१९ साली केरळातील काही शाळांत मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली. पुढे इतर राज्यांतही ती वाजू लागली. घंटा चांगलीच आहे. पण आठ हा आकडा आला कुठून? त्याचा माग काढताना मध्येच गळून पडलेले एक वाक्य सापडते, आणि ते आपल्या ताटाविषयी आहे.

शरीराच्या जमाखर्चाचा हिशेब बराच जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील पादुआ विद्यापीठात सँतोरियो सँतोरियो हे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी मोठ्या तराजूला टांगलेली खुर्ची तयार केली. खाल्लेले, प्यालेले आणि शरीराबाहेर टाकलेले असे सारे ते वर्षानुवर्षे तोलत राहिले. १६१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मांडले, की दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यातले सुमारे पाच पौंड नकळत उडून जाऊ शकतात. त्वचेतून आणि श्वासातून जाणारी वाफ हा या तुटीचा मोठा भाग, हे आज आपल्याला ठाऊक आहे. सँतोरियो यांच्या हिशेबात अन्न आणि पेय एकाच पारड्यात होते, हे मात्र लक्षात ठेवू या.

आता १९४५ सालाकडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने आहाराची मानके प्रसिद्ध केली. प्रौढ माणसाला बहुतेक वेळा दिवसाला अडीच लिटर पाणी योग्य, म्हणजे आहारातील दर कॅलरीमागे एक मिलिलिटर, असे त्यात म्हटले होते. लगेच पुढे असेही म्हटले होते, की यातील बहुतांश पाणी तयार अन्नातच असते. अडीच लिटर लोकांच्या लक्षात राहिले. पुढचे वाक्य विसरले गेले. १९७४ साली फ्रेडरिक स्टेअर आणि मार्गारेट मॅक्‌विल्यम्स यांनी पोषणावरील पुस्तकात दिवसाला सहा ते आठ पेले सुचवले. त्यांनीही चहा, कॉफी, दूध हे सारे त्यात धरले होते आणि फळे-भाज्यांतूनही पाणी मिळते, असे सांगितले होते.

अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या सल्ल्याचा पुरावा शोधला. आठ औंसांचे आठ पेले, म्हणजे सुमारे १.९ लिटर साधे पाणी निरोगी माणसाने प्यायलाच हवे, असे दाखवणारा शास्त्रीय पुरावा त्यांना मिळाला नाही. १९४५ चे ते अर्धवट वाचलेले वाक्य हा या समजुतीचा एक संभाव्य उगम, असे त्यांनी नोंदवले.

मग अन्नात पाणी असते तरी किती? काकडीच्या वजनाचे सुमारे ९५ टक्के, टोमॅटोचे ९४, कलिंगडाचे ९१, बटाट्याचे ७९, केळ्याचे ७५ टक्के पाणीच असते. कोरडा वाटणारा भातही दोनतृतीयांशांहून अधिक पाणी असतो. वर्गात हे सहज दाखवता येईल. शंभर ग्रॅम तांदूळ तोलावा, शिजवावा आणि भात पुन्हा तोलावा. काकडीच्या पातळ चकत्या तोलून कडक उन्हात वाळवाव्यात आणि काय उरते ते पाहावे. शिवाय शरीर स्वतःही पाणी तयार करते. १८० ग्रॅम ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन झाले, की १०८ ग्रॅम पाणी तयार होते. रसायनशास्त्राच्या तासाला हे समीकरण मांडता येईल.

अर्थात १९४५ चे ‘बहुतांश’ हेही डोळे मिटून घेऊ नये. अमेरिकी लोकांच्या आहारात पाण्याचा सुमारे एकपंचमांश भाग अन्नातून येतो, असे तेथील वैद्यक संस्थेने २००४ साली सांगितले. वरण-भात, ताक, काकडीची कोशिंबीर असे जेवण आणि भाकरी-चटणी असे जेवण यांत पाण्याचा फरक मोठा. ताट बदलले की प्यायच्या पाण्याचा हिशेबही बदलतो.

हा हिशेब शरीर स्वतः ठेवते. १९४७ साली इंग्लंडचे अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की रक्ताची संहती किंचित वाढली तरी मेंदूला ते कळते आणि मूत्रातून जाणारे पाणी रोखणारे संप्रेरक सुटते. तहानही अशाच सूक्ष्म बदलाने लागते. वृद्धांमध्ये ही जाणीव मंदावते, म्हणून त्यांना आठवण करावी लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ देशांतील ५,६०४ माणसांची पाण्याची उलाढाल मोजली गेली. वय, श्रम, हवामान यांनुसार ती फारच बदलत होती. भर उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाला आठ पेले कमी पडतील. सावलीत बसून रसाळ जेवण घेणाऱ्याला तेवढ्यांची गरज नसेल.

म्हणून मुलांना आकडा पाठ करायला लावण्याऐवजी एका दिवसाची पाण्याची जमाखर्च वही लिहायला सांगू या. पाणी, चहा, ताक, आमटी, फळे असे रकाने करावेत. लघवीला किती वेळा गेलो आणि तिचा रंग गडद होता की फिका, हेही लिहावे. ही वही नाव न घालता गोळा करावी आणि तिच्यात आणखी एक रकाना असावा: शाळेच्या वेळात किती पाणी प्यालो? शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते म्हणून अनेक मुली दिवसभर तहान मारतात. हा रकाना रिकामा आला, तर त्यांना पाण्याचे महत्त्व पुन्हा सांगून उपयोग नाही. कडी लागणारे दार आणि नळाला पाणी आहे का, हे आपण शिक्षकांनीच जाऊन पाहायला हवे.