क्रोटन : उसन्या नावाचे झाड

ज्याला आपण सारे क्रोटन म्हणतो, ते झाड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने क्रोटन नव्हेच. खऱ्या क्रोटनांपैकी आपल्या ओळखीचा म्हणजे जमालगोटा. फाटकाशी किंवा कचेरीच्या कुंडीत पिवळ्या-तांबड्या नक्षीची पाने घेऊन उभे असते ते ‘कोडियम’. दोघेही एरंडाच्या कुळातले, एवढेच त्यांचे नाते.

कोडियम हे नाव मोलुकू बेटांतले. तेर्नातेचे लोक या झुडपाला ‘कोडिहो’ म्हणत. त्याचे लॅटिन रूप केले डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत अंबोनला राहिलेल्या रुम्फियसने. 1670 साली त्याची दृष्टी गेली. 1674च्या भूकंपात बायको आणि मुलगी दगावली. 1687च्या आगीत चित्रे जळाली. 1692मध्ये हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी बुडवले. बटाव्हियात नक्कल ठेवलेली होती म्हणून ग्रंथ वाचला. रुम्फियस 1702 साली वारला आणि ग्रंथ छापायला सुरुवात झाली 1741 साली.

पुढे लिनियसने 1753मध्ये या झाडाला क्रोटनांत बसवले. 1824 साली जुस्यूने कोडियम ही प्रजाती वेगळी मांडली. ग्रंथांतली चूक अशी दुरुस्त झाली, बाजारातली मात्र राहिली.

कारण आता बाजार वाढत होता. लंडनच्या डॉ. वॉर्डला 1829 साली बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला आणि त्यातून काचेची पेटी आली; तिच्यात महिनोन् महिने समुद्रावर रोपे जगू लागली. चेल्सीच्या व्हीच घराण्यातला जॉन गूल्ड व्हीच 1860च्या दशकात पॅसिफिक बेटांवर हिंडला आणि रंगीत पानांची झाडे घेऊन परतला. काचघरांत त्यांची हौस पसरली. एका क्रोटनाला तर पंतप्रधान डिझरायलीचे नाव मिळाले.

झाडाच्या गरजा मात्र बेटांवरच्याच राहिल्या. त्याला ऊब लागते, दमट हवा लागते आणि भरपूर उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत नवी पाने हिरवीच येतात, उत्तरेकडच्या कडक थंडीत पाने गळतात. घरात ठेवायचे तर खिडकीशी ठेवावे आणि सारखी जागा बदलू नये. बाहेर लावायचे तर उन्हाची सवय हळूहळू लावावी. छाटताना पांढरा चीक अंगाला लागू देऊ नये.

आणखी एक गोष्ट माळ्यांना ठाऊक असते : बियांपासून आईचा रंग जसाच्या तसा उतरत नाही. तो टिकवायचा तर फांदी लावावी लागते, नाहीतर गुटी बांधावी लागते. म्हणजे एखादा रंग पिढ्यान् पिढ्या टिकला असेल, तर तो कुणीतरी पाहून, निवडून, हाताने लावत आणलेला असतो. मोलुकू आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक हे झाड व्हीच तिथे पोचण्याआधीपासून अंगणात लावत होते. त्याने आणलेल्या रोपांमागे अशा कित्येकांची मेहनत असणार. विक्रीच्या सूचीत तिला जागा नव्हती. तिथे पंतप्रधानाचे नाव होते. तेर्नातेच्या बोलीतला एक शब्द तेवढा कोडियममध्ये उरला आहे, आणि तोही आपण सहसा उच्चारत नाही.