इथरखाली सैल पडलेला स्नायू : शरीरसंबंधातील वेदना आणि तिच्या उपचाराचा इतिहास

१/ शरीरसंबंधाच्या वेळी स्त्रीला होणारी वेदना हा विषय इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतो. सनदा, बखरी आणि तहनामे यांत त्याला जागा नसते. तो सापडतो वैद्यांच्या टिपणांत. आजचा थ्रेड अशाच एका टिपणापासून सुरू होतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरून फिजिओथेरपीच्या खोलीपर्यंत जातो.

२/ हे दुखणे आधुनिक जीवनशैलीची देणगी नव्हे. सुश्रुतसंहितेतील वीस योनिव्यापदांत ‘परिप्लुता’ ही एक आहे आणि शरीरसंबंधाच्या वेळी तीव्र वेदना हे तिचे लक्षण सांगितले आहे. म्हणजे प्राचीन वैद्यांनी या तक्रारीला आजार मानले होते. तिला स्त्रीचा हट्ट ठरवले नव्हते.

३/ आता १८५७ सालच्या अमेरिकेत येऊ. न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक जे. मॅरियन सिम्स यांच्यासमोर ४५ वर्षांची एक रुग्ण आली. लग्नाला २५ वर्षे झाली होती, पण शरीरसंबंध एकदाही होऊ शकला नव्हता. नुसत्या स्पर्शानेही तिला असह्य वेदना होत आणि योनिमार्गाचे स्नायू घट्ट आवळले जात.

४/ सिम्स यांनी तिला इथरची भूल देऊन तपासले. जो मार्ग जागेपणी बंद भासत होता, तो भुलेखाली पूर्णपणे सैल होता. तेथे कोणताही शारीरिक अडथळा नव्हता. स्नायू वेदनेच्या धास्तीने, स्त्रीच्या इच्छेवाचून, आवळला जात होता. या थ्रेडमधील सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे.

५/ १८६१ मध्ये लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे सिम्स यांनी या विकाराला ‘व्हजायनिस्मस’ हे नाव दिले. निरीक्षण अचूक होते. उपाय मात्र चाकूचा होता. योनिमुखाशी छेद घ्यायचा, योनिपटलाचे अवशेष कापून काढायचे आणि नंतर काही आठवडे रोज काही तास काचेचा डायलेटर आत ठेवायचा.

६/ १८६६ च्या ‘क्लिनिकल नोट्स ऑन युटेराइन सर्जरी’ या ग्रंथात सिम्स यांनी आणखी एक प्रकरण नोंदवले आहे. त्यात एक डॉक्टर नेमाने दांपत्याच्या घरी जाई, पत्नीला इथर देई आणि ती बेशुद्ध असताना पती संबंध करी. पुढे तिला गर्भ राहिला. उपचाराचे यश कशावर मोजले जात होते, हे येथे उघड होते.

७/ सिम्स यांची कीर्ती ज्या फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेवर उभी होती, ती त्यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, वारंवार प्रयोग करून साधली होती. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांपैकी तिघींची नावे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा हटवण्यात आला, तो याच कारणाने.

८/ सिम्स यांच्याच काळात स्वीडनमध्ये एक निराळा प्रवाह सुरू झाला होता. थुरे ब्रांट हे सैन्यातील अधिकारी आणि व्यायामशिक्षक. स्टॉकहोममधील लिंग यांच्या व्यायामपरंपरेत ते घडले होते. ‘अंग बाहेर येणे’ या तक्रारीवर ते मर्दन आणि व्यायाम यांनी उपचार करू लागले. त्यांच्या साऱ्या कल्पना टिकल्या नाहीत. परंतु ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू हाताने आणि व्यायामाने बदलता येतात, हा विचार टिकला.

९/ या विद्येला प्रतिष्ठा मात्र सहज लाभली नाही. लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या व्यवसायांवरून गदारोळ उठला, तेव्हा १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाजकर्मींची संस्था स्थापन केली. तिला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ पासून ती ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ झाली. ब्रिटनमधील या व्यवसायाची पायाभरणी स्त्रियांनी केली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१०/ १९४८ मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी व्यायामपद्धती प्रसिद्ध केली. त्यांच्या ‘पेरिनिओमीटर’ या उपकरणात स्नायू आवळताच काटा हलत असे. न दिसणाऱ्या स्नायूचे काम स्त्रीला प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले. हे व्यायाम मुख्यतः बाळंतपणानंतर नकळत लघवी होण्याच्या तक्रारीसाठी होते.

११/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘केगेल’ म्हणजे आवळण्याचा सराव. वेदना असलेल्या अनेक स्त्रियांचा स्नायू आधीच ताणलेला असतो. त्यांना शिकायचे असते ते सैल सोडणे. त्यामुळे कोणाचे तरी ऐकून आवळण्याचे व्यायाम सुरू केल्यास त्रास वाढू शकतो.

१२/ १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी ‘ह्यूमन सेक्शुअल इनॅडिक्वसी’ या ग्रंथात व्हजायनिस्मसवर शस्त्रक्रियेविना उपचार मांडला : लहानापासून मोठ्या आकाराकडे क्रमाने जाणारे डायलेटर. स्नायूंचे आवळणे पतीला प्रत्यक्ष दाखवले जाई, म्हणजे पत्नी मुद्दाम टाळते हा त्याचा समज दूर होई. साधन सिम्स यांच्याच काळातले. पण आता वेग ठरवण्याचा अधिकार स्त्रीकडे आला.

१३/ आजच्या पेल्व्हिक फिजिओथेरपीत हे सारे धागे एकत्र येतात : श्वसन, स्नायू सैल सोडण्याचा सराव, संमती घेऊन केलेले हळुवार हस्तोपचार, बायोफीडबॅक आणि स्वतःच्या हाताने वापरायचे डायलेटर. कॅनडात योनिमुखाच्या वेदनेने त्रस्त २१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांची फिजिओथेरपी बधिर करणाऱ्या मलमापेक्षा सरस ठरली. सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता.

१४/ अर्थात प्रत्येक वेदना स्नायूची नसते. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस, रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा अशी कारणेही असतात. म्हणून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी आणि मग पुढचा मार्ग, हा क्रम योग्य.

१५/ १८५७ च्या त्या खोलीत उत्तर समोरच होते : अडथळा नाही, स्नायू सैल पडू शकतो. तरीही उपचार त्या उत्तरापर्यंत पोहोचायला शतकाहून अधिक काळ लागला, कारण तोवर प्रश्न पतीच्या वतीने विचारला जात होता. आजही कित्येक नवविवाहितांना ‘होईल सवय’ एवढेच सांगितले जाते. त्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर इतके जरूर जाणावे : या वेदनेला नाव आहे, इतिहास आहे आणि उपचारही आहे.

(समाप्त)