म्युनिकच्या पालिकेने विंडोज सोडलं, त्याची गोष्ट

नगरपालिकेच्या सभेत गटारीवर तासभर भांडण होतं. कॉम्प्युटर खरेदीचा विषय आला की मात्र दोन मिनिटांत 'मंजूर, मंजूर'. वर्षानुवर्षं हेच बघतोय. म्हणून जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट सांगावीशी वाटते.

2003 साल. पालिकेच्या हजारो कॉम्प्युटरवर विंडोज एनटी 4 होतं आणि मायक्रोसॉफ्ट त्याचा सपोर्ट बंद करणार होती. यंत्रं धडधाकट, काम सुरळीत, तरी कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे सगळं नव्याने विकत घ्या! नगरसेवकांना हेच खटकलं. त्यांनी लिनक्सचा विचार सुरू केला. म्हणजे जिचा कोड सगळ्यांना खुला आहे, जी कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, अशी प्रणाली. खबर लागताच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर ख्रिस्तियान ऊडे यांना भेटायला आले. कंपनीने भावही चांगलाच उतरवला. तरी मे महिन्यात सभागृहाने लिनक्सच निवडलं. इथे मुद्दा फुकटाचा नव्हता हो. आज सूट देणारा उद्या किती मागेल, हे आपल्या हातात राहणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

काम रखडत झालं, हेही सांगायला हवं. 2004 मध्ये युरोपातल्या सॉफ्टवेअर पेटंटच्या वादामुळे निविदाच काही काळ थांबली. प्रत्येक खात्याची संगणक व्यवस्था वेगळी, पत्रांचे नमुने वेगळे. त्यासाठी पालिकेच्या माणसांनी 'वोलमक्स' नावाचं साधन स्वतः लिहिलं आणि नंतर सगळ्यांसाठी खुलं केलं. 2013 पर्यंत सुमारे 15 हजार कॉम्प्युटर लिनक्सवर आले. एक कोटी युरोहून जास्त वाचले, असा पालिकेचा दावा होता.

2014 मध्ये डिटर राइटर महापौर झाले आणि वारं फिरलं. बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, ही कर्मचाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण 2016 चा अहवाल काय म्हणाला? मोठी अडचण विस्कळीत कारभाराची आहे. आणि तो लिहिणाऱ्यांत अ‍ॅक्सेंचर होती, मायक्रोसॉफ्टची भागीदार! तरी 2017 मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव झाला. खर्चाचा अंदाज सुमारे 5 कोटी युरो.

त्याआधी वर्षभर मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय शेजारच्या गावातून म्युनिक शहरात आलं होतं. लोक कुजबुजले. पण ते ठरलं 2013 मध्ये, ऊडे महापौर असताना. संशयाला जागा आहे, पुरावा नाही. तेव्हा मी तार जोडत नाही.

2020 मध्ये ग्रीन पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट यांची आघाडी झाली. त्यांच्या करारात लिहिलं गेलं की जमेल तिथे खुलं सॉफ्टवेअर वापरायचं आणि जनतेच्या पैशातून लिहिलेला कोड जनतेला खुला करायचा.

महापौर तेव्हाही राइटरच होते.