मूसीची तुग़यानी

उर्दूच्या तासाला ‘तुग़यानी’ हा शब्द आला की मी हैदराबादचा पूर सांगतो. शब्दाचा मूळ अर्थ हद्द ओलांडणे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मूसी नदीने ती ओलांडली आणि सुमारे 15,000 माणसे गेली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड मी बघून आलोय.

मुलांना चिंचेची गोष्ट आवडते. मला पुढची सांगायची असते. निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. मूसीच्या खोऱ्यातले 221 तलाव त्या पावसात फुटले होते. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर. विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वरच्या बाजूला दोन धरणे सुचवली. उस्मानसागर 1920 मध्ये झाले, हिमायतसागर 1927 मध्ये. पिण्यासाठी पाणी साठवायचे, पण पुरासाठी वरची जागा रिकामी ठेवायची. मला या रिकाम्या जागेचेच जास्त कौतुक वाटते. महबूब अली मात्र 1911 मध्येच वारले.

ऑक्टोबर 2020 मध्ये तिथेच हाफिज बाबा नगरात पाणी शिरले. या वेळी मूसी नव्हे, जवळचा गुर्रम चेरुवू तलाव फुटला होता.

आमच्या गल्लीमागेही एक नाला आहे. त्यावर स्लॅब टाकून लोकांनी ओटे बांधलेत. दर मे महिन्यात तो साफ करायला वर्गणी निघते. पावसाला पंधरा दिवस राहिलेत, यंदा अजून कुणी दार वाजवलेले नाही. आज असरनंतर मीच निघतोय.