इंद्रायणीकांठचा धीर

लोणावळ्यानजीक कुरवंड्याच्या डोंगरांत इंद्रायणी उगम पावते व मावळांतून पूर्वेस वाहत देहूस पोहोंचते. जिच्या माथ्यावर पर्जन्याची एवढी कृपा, तिच्याच कांठीं एके काळीं अन्नावांचून माणसें मेलीं, हें श्रोत्यांस सहसा खरें वाटणार नाहीं. परंतु १६३० सालीं तसें घडलें.

त्या वर्षीं दक्षिणेंत व गुजराथेंत पावसानें दगा दिला आणि दुष्काळाचें सावट १६३२ पर्यंत हटलें नाहीं. शहाजहान बादशहाच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें या अनर्थाचें वर्णन केलें आहे. बादशहानें बऱ्हाणपूर, सुरत व अहमदाबाद येथें अन्नछत्रें उघडलीं. बऱ्हाणपुरास दर सोमवारीं ५,००० रुपये याप्रमाणें २० आठवडे दानधर्म केला, व सुमारें ७० लक्ष रुपयांचा सारा सोडला. पण मावळ मोगली अमलाबाहेर होता. निजामशाही व आदिलशाही यांच्या ओढाताणींत तो भरडला जात होता. पुणें तर याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें जाळून उजाड केलें. अशा मुलखांतल्या रयतेस आधार कोणाचा? शेजाऱ्याचाच.

मावळच्या सीमेवरील देहू गांवीं मोरे घराण्याकडे महाजनकी होती. दुकान होतें, सावकारीही होती. या घरचे तुकोबा त्या वेळीं अवघे बावीस वर्षांचे होते. दुष्काळानें त्यांचें दिवाळें काढलें, पहिली पत्नी रखुमाबाई उपासमारीनें गेली, पाठोपाठ मुलगाही गेला. संपत्ति व मान गेल्याची आणि लोकांत तोंड दाखविण्याची लाज वाटल्याची कबुली त्यांनीं आपल्या अभंगांत दिली आहे.

दुष्काळ ओसरल्यावर कुळांची खरी परीक्षा सुरू होते. बी खाऊन संपलेलें, बैल मेलेले. त्यांत जुनें खत सावकारापाशीं असेल तर येणारें पीकही आपलें नव्हे. अठराव्या शतकांतील संतचरित्रकार महीपति यांनीं जपलेली परंपरा अशी कीं, तुकोबांनीं वडिलोपार्जित खतें इंद्रायणींत बुडवावयास काढलीं. धाकटे बंधु कान्होबा म्हणाले, आम्हांस संसार आहे. त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. तुकोबांनीं अर्धीं खतें त्यांस दिलीं आणि आपल्या वांट्याचीं तेवढीं नदीच्या स्वाधीन केलीं. या त्यागाचा भार दुसरी पत्नी जिजाबाई यांनीं जन्मभर वाहिला, हेंही विसरतां कामा नये. पण त्या दिवशीं देहूच्या कित्येक कुळांना आपल्या शेताकडे पुन्हां आपलें म्हणून पाहतां आलें असेल. उपदेशानें जें साधलें नसतें, तें यानें साधलें.

पुढें त्यांनीं मोडकळीस आलेलें विठ्ठलाचें देऊळ दुरुस्त केलें आणि भंडारा डोंगरावर एकांत केला. मात्र ते एकटे राहिले नाहींत. सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे तेली होते, कडूसचे गंगारामपंत मवाळ ब्राह्मण होते. दोघेही त्यांचे टाळकरी झाले व त्यांचे अभंग उतरून घेऊं लागले. तेल्याच्या व ब्राह्मणाच्या टाळांनीं एकच ताल धरावा, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. अभंगांच्या वह्या पाण्यांत बुडविण्याचा प्रसंग आला, तेव्हां मंडळीच्या मुखीं व हातीं असलेली वाणी बुडणें शक्यच नव्हतें. जगनाड्यांची वही तर विसाव्या शतकांत वि. ल. भावे यांच्या हातीं आली व तिच्या आधारें त्यांनीं गाथा छापली.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ च्या सुमारास देहूहून पालखीचा प्रघात पाडला. तिच्याबरोबर पंढरीची वाट चालणारा वारकरी शिदोरीची चिंता फारशी करीत नाहीं. वाटेवरचीं गांवें त्यास जेवूं घालतात. ज्या देहूंत एकेकाळीं घांसाला माणूस महाग झाला होता, तेथूनच ही वाट निघावी, यांत मावळच्या त्या कठीण दिवसांचें सार आहे. सुदुंबऱ्यास संताजींची समाधि आजही आहे, आणि तेथून भंडाऱ्याचा डोंगर फार दूर नाहीं.